मुलाखतीतल्या कोड्यांचा मूळपुरुष : हेन्री ड्यूडनी

पुण्यातल्या किंवा बंगळुरूतल्या संगणक कंपन्यांच्या निवडचाचण्या देऊन नोकरीला लागलेल्या, आणि पुढे त्याच नोकरीच्या वाटेने ब्रिटनमध्ये येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाला एक बेरीज हमखास आठवते. तीत आकड्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे असतात. ‘सेंड’ अधिक ‘मोअर’ बरोबर ‘मनी’. प्रत्येक अक्षर एकेका अंकाच्या जागी आलेले, कोणत्याही दोन अक्षरांचा अंक सारखा नाही. कोणते अक्षर कोणता अंक, हे काही मिनिटांत शोधायचे. ज्यांना साधले ते पुढच्या फेरीत गेले, ज्यांना साधले नाही ते घरी परतले.

ही बेरीज शंभर वर्षांपूर्वीची आहे. जुलै १९२४ मध्ये लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात ती छापली गेली, तेव्हा तिच्यावर कोणाची नोकरी अवलंबून नव्हती. ती रचणाऱ्या हेन्री अर्नेस्ट ड्यूडनी यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नव्हती आणि त्यांच्या आयुष्याची सुरुवात सरकारी कचेरीतल्या कनिष्ठ कारकुनीने झाली होती. आजच्या पद्धतीची मुलाखत त्यांना द्यावी लागली असती, तर पदवीच्या रकान्यापाशीच त्यांचा अर्ज बाजूला पडला असता.

ड्यूडनी यांचा जन्म १० एप्रिल १८५७ रोजी ससेक्स परगण्यातल्या मेफील्ड या गावी झाला. वडील गिल्बर्ट हे शाळामास्तर होते. पण या घराण्यातल्या गणिताचा उगम आणखी एक पिढी मागे सापडतो. आजोबा जॉन ड्यूडनी तरुणपणी लुईस गावाभोवतालच्या टेकड्यांवर मेंढ्या राखत. पुस्तके घरून रोज वाहून नेणे जमेना, म्हणून त्यांनी टेकडीवरच्या खडूच्या जमिनीत एक खळगा खणला, त्यात पुस्तके ठेवली आणि वर मोठा दगड सरकवून दिला. कळप चरत असे आणि मेंढपाळ दगड बाजूला सारून भूमिती व खगोलशास्त्र शिकत असे. पुढे हाच मेंढपाळ लुईसमध्ये शिक्षक झाला. नातू त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी जन्मला, त्यामुळे दोघांची भेट झाली नाही. पण हा वारसा घरात सांगितला जात असणार, असे नातवाचे पुढचे आयुष्य पाहता वाटत राहते.

हेन्री लहानपणीच बुद्धिबळ शिकले आणि नवव्या वर्षी त्यांनी रचलेली कोडी स्थानिक पत्रात छापून येऊ लागली. तेराव्या वर्षी ते कारकून म्हणून सरकारी नोकरीत चिकटले. दिवसभर नक्कल आणि नोंदी, संध्याकाळी स्वतःच्या हौसेने गणित आणि इतिहास, असा त्यांचा क्रम होता. कारकुनीचा कंटाळा घालवायला ते लघुकथा लिहीत, नियतकालिकांकडे धाडत. त्या कथा आज कोणी वाचत नाही. मात्र कथा लिहिण्याची ही सवय पुढे कोड्यांना उपयोगी पडली, कारण ड्यूडनी यांच्या कोड्यात जवळजवळ नेहमी एखादा माणूस असतो आणि त्याची काहीतरी खरी अडचण असते.

कोडी ते ‘स्फिंक्स’ या टोपणनावाने लिहीत. १८९०च्या दशकात याच नावाने त्यांचा अमेरिकेतल्या सॅम लॉइड यांच्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. लॉइड त्या वेळी जगातले सर्वांत नामांकित कोडेकार होते. दोघांनी ‘टिट-बिट्स’ या लोकप्रिय साप्ताहिकात मिळून काम केले. लॉइड कोडे देत, ‘स्फिंक्स’ त्यावर भाष्य करी, वाचकांची उत्तरे तपासी. शिवाय ड्यूडनी आपली नवी कोडीही विश्वासाने अटलांटिकपार पाठवत राहिले. काही काळाने त्यांच्या ध्यानात आले की आपली कोडी तिकडे लॉइड यांच्या नावावर छापली जात आहेत.

लॉइड यांची कल्पकता निर्विवाद होती, जाहिरातीची नस त्यांना अचूक सापडलेली होती, पण श्रेयाच्या बाबतीत हात मोकळा होता. पंधरा सरकत्या ठोकळ्यांचे प्रसिद्ध खेळणे आपणच काढले, असे ते वर्षानुवर्षे सांगत राहिले आणि तो दावा खोटा ठरला. त्या खेळण्यातल्या चौदा आणि पंधरा क्रमांकांच्या ठोकळ्यांची अदलाबदल करून दाखवणाऱ्याला त्यांनी हजार डॉलर्सचे बक्षीस लावले होते. ती अदलाबदल गणितानेच अशक्य असल्यामुळे पैसे सुरक्षित होते. अशा माणसाशी ड्यूडनी यांनी संबंध तोडले. त्यांच्या मुलीने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार, वडील लॉइड यांच्याविषयी इतक्या संतापाने बोलत की लहान मुलीला हा माणूस म्हणजे सैतानच वाटे. कोडे ही मालमत्ता मानायची की नाही, यावर तेव्हा कायदा गप्प होता. आजही गप्पच आहे. निवडचाचण्यांच्या प्रश्नसंचांत ड्यूडनी यांची कोडी पानोपानी आढळतात आणि त्यांचे नाव क्वचितच दिसते, हा त्याच रिवाजाचा पुढचा अध्याय म्हणायला हवा.

श्रेयाचा प्रश्न एकदा ड्यूडनी यांच्या स्वतःच्या दारातही येऊन उभा राहिला. १९०२ मध्ये ‘वीकली डिस्पॅच’मधल्या आपल्या सदरात त्यांनी वाचकांना एक समभुज त्रिकोण दिला. त्याचे कमीत कमी तुकडे करायचे आणि तेच तुकडे जोडून चौरस बनवायचा. पाच तुकड्यांत अनेकांना जमले. चार तुकड्यांत उत्तर धाडणारा वाचक एकच होता, मँचेस्टरचा. ड्यूडनी यांनी त्याचे नाव सदरात छापले. चार तुकड्यांचे उत्तर ड्यूडनी यांना आधीपासून ठाऊक होते की त्या वाचकाकडून समजले, यावर अभ्यासकांमध्ये अजून एकमत नाही. पुस्तकात हे कोडे सुई-दोरा आणि फिती विकणाऱ्या दुकानदाराच्या तोंडी गेले आणि ड्यूडनी यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. एक मात्र खरे की ड्यूडनी यांनी त्या उत्तराला जे रूप दिले ते अद्वितीय होते. चारही तुकडे बिजागऱ्यांनी साखळीसारखे जोडता येतात. साखळी एका दिशेने गुंडाळली की त्रिकोण होतो, उलट दिशेने गुंडाळली की चौरस. महोगनीच्या लाकडाचे आणि पितळी बिजागऱ्यांचे असे प्रतिरूप घेऊन १९०५ मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे उभे राहिले. तेराव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाने देशातल्या अग्रगण्य शास्त्रज्ञांसमोर खेळणे उघडून दाखवावे आणि त्यांनी ते कौतुकाने न्याहाळावे, हा क्षण मेंढपाळ आजोबांनी पाहायला हवा होता.

तीन तुकड्यांत हे साधेल का, हा प्रश्न त्यानंतर एकशेवीस वर्षे लोंबकळत राहिला. तुकडे उलटे न करता ते अशक्य आहे, याची सिद्धता अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या संशोधकांच्या एका चमूने २०२४च्या डिसेंबरात मांडली.

‘वीकली डिस्पॅच’मध्येच १९०३ साली कोळी आणि माशी यांचे कोडे आले. खोली तीस फूट लांब, बारा फूट रुंद, बारा फूट उंच. एका टोकाच्या भिंतीवर, मध्यरेषेवर, छतापासून एक फूट खाली कोळी बसला आहे. समोरच्या भिंतीवर, मध्यरेषेवर, जमिनीपासून एक फूट वर माशी आहे. कोळ्याने चालत जायचे तर सर्वांत जवळची वाट किती लांबीची? घाईचे उत्तर बेचाळीस फूट : एक फूट वर, तीस फूट छतावरून, अकरा फूट खाली. खरे उत्तर चाळीस. खोली पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी उलगडून जमिनीवर सपाट पसरली, तर कोळ्यापासून माशीपर्यंत सरळ रेषा ओढता येते. उलगडण्याच्या एका प्रकारात ही रेषा बत्तीस आणि चोवीस फूट बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ठरते. ती टोकाची भिंत, छत, बाजूची भिंत, जमीन आणि दुसऱ्या टोकाची भिंत अशा पाच पृष्ठांना स्पर्श करते. या कोड्याला पायथागोरसापलीकडचे गणित लागत नाही, पण खोक्याच्या कडा सुट्या करण्याची कल्पना डोक्यात यावी लागते. ती काही वेळा पहिल्या मिनिटात येते, काही वेळा तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना.

१९०७ मध्ये ‘कँटरबरी पझल्स’ हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. चॉसरच्या काव्यातले यात्रेकरू एकमेकांना कोडी घालत आहेत, अशी त्याची रचना आहे. त्यातल्या वैद्याच्या वाट्याला आलेले कोडे मला सर्वांत थोर वाटते. वैद्याकडे दोन गोल कुप्या आहेत, एकीचा घेर बरोबर एक फूट, दुसरीचा दोन फूट. या दोघींत मिळून जेवढे औषध मावते तेवढेच मावेल अशा, पण वेगळ्या घेरांच्या दोन कुप्या हव्यात आणि त्यांचे घेर अपूर्णांकांत अचूक सांगायचे. घनांची बेरीज नऊ यायला हवी, इतकाच याचा अर्थ. ड्यूडनी यांनी दिलेल्या उत्तरातल्या अपूर्णांकांचे अंश आणि छेद बारा-बारा अंकी आहेत. गणकयंत्राविना, कागदावर, रात्री बसून केलेला हा हिशेब आहे. मुलाखतीत हे कोडे कोणी घालत नाही, हे बरेच आहे.

त्यांच्या घरातली कहाणी इतकी सुबक नव्हती. १८८४ मध्ये त्यांचा विवाह ॲलिस व्हिफिन यांच्याशी झाला. पहिली मुलगी तान्हेपणीच गेली. त्यानंतर ॲलिस लिहू लागल्या आणि ससेक्सच्या ग्रामीण जीवनावरच्या त्यांच्या कादंबऱ्या इतक्या गाजल्या की समीक्षक त्यांना थॉमस हार्डी यांच्या पंक्तीत बसवू लागले. मुखपृष्ठावर नाव मात्र ‘मिसेस हेन्री ड्यूडनी’ असे. साहित्यिक वर्तुळांत प्रतिष्ठा पत्नीची, नाव पतीचे, आणि पती मासिकाच्या मागच्या पानांवर काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवणारा. संसारात तणाव होताच, दोघे काही वर्षे वेगळेही राहिले. १९१६ मध्ये ते पुन्हा एकत्र आले आणि लुईसमधल्या किल्ल्याच्या आवारातल्या घरात राहू लागले. आजोबांनी जिथे शिकवले त्याच गावात. ॲलिस यांनी त्या वर्षापासून रोजनिशी ठेवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतकाने, १९९८ मध्ये, प्रसिद्ध झाली आणि तीत हेन्री यांचा तापट, लहरी स्वभाव बराच उघडा पडला आहे. शांत चित्ताने तर्क करायला शिकवणारा माणूस घरात शांत असेलच असे नाही.

‘स्ट्रँड’मधले ‘पर्प्लेक्सिटीज’ हे त्यांचे सदर १९१०पासून वीस वर्षे चालले. शेरलॉक होम्सच्या कथा ज्या मासिकात येत त्यातच हे सदर येई, आणि दोहोंचा वाचक बहुधा एकच असावा. वरची बेरीज याच सदरातली. ती इथे सोडवून पाहिली तर ड्यूडनी यांची करामत ध्यानात येईल. दोन चार अंकी संख्यांची बेरीज पाच अंकी आली आहे, तेव्हा डावीकडचा ‘एम’ हा हातचा आलेला एकच असणार. आता हजारच्या घरात ‘एस’मध्ये एक मिळवून, फार तर आणखी एक हातचा धरून, दहा किंवा अधिक व्हायला हवेत. मग ‘ओ’ शून्य किंवा एक. एक तर वापरून झाला, म्हणून शून्य. शतकाच्या घरात ‘ई’मध्ये शून्य मिळवून ‘एन’ येतो, म्हणजे मागून एक हातचा आलाच पाहिजे आणि ‘एन’ हा ‘ई’हून एकाने मोठा. इथून पुढे हातचा जात नाही, म्हणून ‘एस’ नऊ. दशकाच्या घरात ‘आर’ नऊ असू शकत नाही, म्हणून तो आठ, आणि एककातून एक हातचा आलेला. उरले दोन ते सात. एककाच्या घरात ‘डी’ आणि ‘ई’ यांची बेरीज निदान बारा हवी, त्यामुळे त्यांतला एक सात असणार. ‘ई’ सात असता तर ‘एन’ आठ झाला असता, पण आठ दिला गेला आहे. म्हणून ‘डी’ सात. ‘ई’ सहा धरला तर ‘एन’ सात होतो, तोही गेला. म्हणून ‘ई’ पाच, ‘एन’ सहा, ‘वाय’ दोन. ९५६७ अधिक १०८५, बरोबर १०६५२. उत्तर एकमेव आहे, कुठेही अंदाज करावा लागत नाही, आणि शब्द वाचले तर घरी पैसे मागणाऱ्या तारेचा मजकूर वाटावा. या तिन्ही गोष्टी एकाच कोड्यात जुळवून आणणे किती दुर्मीळ आहे, हे मराठी शब्दांवर प्रयोग करून पाहणाऱ्याला लगेच कळेल.

कोड्यांवरून नोकरी देण्याची कल्पना ड्यूडनी यांची नव्हे. १९२१ मध्ये थॉमस एडिसन यांनी उमेदवारांसाठी काढलेली दीडशेच्या आसपास प्रश्नांची यादी वर्तमानपत्रांत फुटली आणि गदारोळ झाला. पण ते प्रश्न सामान्यज्ञानाचे होते. इकडे ब्रिटनमध्ये जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने शब्दकोडे बारा मिनिटांत सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना गुप्तलिपी उकलण्याच्या कामासाठी ब्लेचली पार्कला बोलावले गेले. तिथे कोडे आणि काम यांचे नाते निदान उघड होते. १९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींमुळे ही पद्धत संगणकक्षेत्रात रूढ झाली, आणि २०१३ मध्ये गुगलच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांनीच जाहीर केले की अशा कोड्यांवरून कामातल्या यशाचा काहीही अंदाज बांधता येत नाही, त्यांचा लाभ झालाच तर प्रश्न विचारणाऱ्याच्या अहंकाराला होतो. माझी तक्रार थोडी वेगळी आहे. ड्यूडनी यांचा वाचक उत्तरासाठी पुढच्या अंकापर्यंत थांबत असे. मधले दिवस हा कोड्याचाच भाग होता. तो काढून घेऊन त्या जागी घड्याळ आणि समोर बसलेला परीक्षक ठेवला, की कोळी-माशीचे कोडे सोडवणारा आणि त्याचे उत्तर आधी पाठ केलेला, यांत फरक करण्याचा मार्ग उरत नाही. पाठ करणाऱ्यांसाठी मग शिकवण्या निघतात, प्रश्नसंच विकले जातात, आणि डोंबिवलीच्या किंवा नागपूरच्या ज्या मुलाला कल्पना सुचायला दोन दिवस लागले असते तो पहिल्याच फेरीत बाद होतो. त्याचा दोष कोणता, ते त्याला कळतही नाही.

१९३०च्या एप्रिलात ‘स्ट्रँड’मध्ये ड्यूडनी यांचे जे कोडे आले, त्यातून तर्ककोड्यांची एक संपूर्ण जातच जन्माला आली. स्मिथ, रॉबिन्सन आणि जोन्स हे एका आगगाडीचे ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड. कोण काय ते ठाऊक नाही. गाडीत याच आडनावांचे तीन प्रवासी आहेत. प्रवासी रॉबिन्सन लीड्सला राहतात. गार्ड लीड्स आणि शेफील्ड यांच्या बरोबर मध्यावर राहतो. प्रवासी जोन्स यांची वार्षिक मिळकत चारशे पौंड, दोन शिलिंग, एक पेनी. गार्डच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या प्रवाशाची मिळकत गार्डच्या नेमकी तिप्पट. गार्डच्याच आडनावाचा प्रवासी शेफील्डचा. आणि बिलियर्ड्समध्ये स्मिथने फायरमनला हरवले. ड्रायव्हर कोण? किल्ली त्या विचित्र रकमेत आहे. तेव्हा पौंडाचे पेन्स दोनशेचाळीस होत, म्हणून ती रक्कम ९६,०२५ पेन्स भरते. अंकांची बेरीज बावीस, म्हणजे तिला तीनने पूर्ण भाग जात नाही आणि जोन्स हे गार्डचे शेजारी असू शकत नाहीत. रॉबिन्सन लीड्सला, म्हणून शेजारी स्मिथ. शेफील्डचे मग जोन्स, म्हणून गार्ड जोन्स. स्मिथ हा फायरमन नाही, गार्डही नाही, तोच ड्रायव्हर. ज्या वाचकाच्या खिशात रोज शिलिंग आणि पेन्स खुळखुळत, त्यालाच हा सापळा पुरता उमगला असणार. अमेरिकी आवृत्त्यांत डॉलर आले आणि ती गंमत ओसरली.

त्याच महिन्यात, २३ एप्रिल १९३० रोजी, घशाच्या कर्करोगाने ड्यूडनी यांचे लुईस इथे निधन झाले. अप्रकाशित कोड्यांचा मोठा साठा मागे राहिला होता, त्यातून पुढे पुस्तके निघाली. १९६७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांची ५३६ कोडी एकत्र करून अमेरिकी वाचकांपुढे ठेवली. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना १९७५ मध्ये आपल्या सदरातून जगापुढे आणणारे गार्डनर ते हेच. ॲलिस १९४५ मध्ये गेल्या. त्यांचे दफन लुईसच्या दफनभूमीत हेन्री यांच्याच कबरीत झाले.